गालावर दोन बोटं

शनिवार, ७ नोव्हेंबर

ताई,

काय घडलं ते क्रमानं लिहिते.

१. मंगळवारी सकाळी आई वर्गात मुलांना गोष्ट सांगत होती.
२. गोष्ट मध्यावर आली असताना तिचा उजवा हात खाली लोंबला.
३. मुलांना वाटलं, हा गोष्टीचाच भाग आहे. त्यांनीही आपापला उजवा हात लोंबता सोडला.
४. सर फळ्यावर लिहीत होते. वर्गाकडे त्यांची पाठ होती.
५. एका मुलीनं उठून आईचा हात धरून उचलला. आई खुर्चीवरून खाली आली.
६. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ. उजवा हात आणि पाय हलत नाही. उजव्या बाजूचं काही दिसत नाही.
७. जीव वाचला आहे.

आई वर्गात काय करत होती, असा प्रश्न तुला पडेल. तू गेलीस तेव्हा ती घरी शिवणकाम करायची. त्यानंतर महिन्याभरात तिनं बहिऱ्या मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून नोकरी धरली. नऊ वर्षं झाली. वर्गात अकरा मुलं आहेत. सरांना ऐकू येतं आणि खुणा अर्धवट येतात. सर जे सांगतात ते मुलांच्या गळी उतरवायचं, हे तिचं काम.

डॉक्टरांनी मला विचारलं, "बोलतात का या?"

"जन्मापासून बहिऱ्या आहेत. हातांनी बोलतात."

"मग वाचा गेली की नाही, हे ओळखायचं कसं?"

"मला विचारा," मी म्हटलं.

गेली आहे. हातांनी बोलणाऱ्यांची वाचाही डोक्यात त्याच बाजूला असते, असं त्यांनी नंतर सांगितलं. डावा हात शाबूत आहे, पण त्यातून शब्द येत नाही. आपण केलेली खूण कधी कळते, बऱ्याचदा कळत नाही.

बुधवारी शुद्धीवर आल्यावर तिनं नाकातली नळी ओढली. मी खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तेव्हा तिचा डावा हात पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधलेला होता. मी सिस्टरला म्हटलं, "सोडा तो."

"अहो, नळी ओढतात त्या."

"त्या हातानं बोलतात."

"मग सांगा त्या हाताला, जरा गप्प बस म्हणून."

वाईट बाई नाही ती. रात्रपाळी करून तशीच दिवसपाळीला थांबली होती. मी इथं बसून हातावर लक्ष ठेवते म्हटल्यावर तिनं पट्टी सोडली. सोडल्या सोडल्या आईचा हात हलला.

"काय म्हणतायत?" सिस्टरनं विचारलं.

"पाणी," मी म्हटलं.

तिनं ओल्या कापसानं आईचे ओठ पुसले.

तुझा पत्ता तुझ्या ऑफिसच्या साइटवर सापडला. तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. कळवणं माझं काम होतं, ते केलं.

— धाकटी


शुक्रवार, १३ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. ईमेल परत आला नाही, म्हणजे पोचला असं धरते.

आईत फरक नाही. सकाळी तिच्यापाशी शेजारच्या काकू बसतात. त्या बोलत राहतात. आईला ऐकू येत नाही हे इतक्या वर्षांत त्यांना पटलेलं नाही. "ऐकतेय हो ती, माझ्याकडे बघून मान हलवते," म्हणतात. दुपारपासून मी असते.

सकाळी मी वर्गात असते. आईच्या जागी कुणी मिळेना, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. "तुम्हाला खुणा येतात ना?" मी म्हटलं, घरच्या येतात. "मग सोमवारी याच." मी श्रवणयंत्रं दुरुस्त करते, हेही तुला माहीत नसेल. कारखान्यातून रजा घेतली आहे. आई म्हणायची, माझ्या मुलीनं अख्ख्या शहराचे कान नीट केले, घरातले तेवढे राहिले.

काम असं आहे. मुलं आली की प्रत्येकाचं यंत्र तपासायचं: बॅटरी आहे का, नळीत घाम साचला आहे का, शिट्टी मारतं का. हे मला डोळे मिटून येतं. मग सर बोलतात ते हातांनी मुलांना सांगायचं, आणि मुलांचे हात बोलतात ते तोंडानं सरांना. हाक मारायची तर दिवा दोनदा चालू-बंद करायचा. शाबासकी म्हणजे दोन्ही हात वर करून हलवायचे. मुलं अर्धगोलात बसतात, कारण जो बोलतो त्याचे हात सगळ्यांना दिसले पाहिजेत. कुणी मध्ये उभं राहिलं तर वाक्य तुटतं.

नावानं कुणाला कुणी ओळखत नाही. आपल्या घरात होतं तसंच प्रत्येकाला एक खूण आहे. भुवईवर व्रण असलेली मुलगी म्हणजे भुवई. सतत एक हात खिशात घालून बसणारा मुलगा म्हणजे खिसा. तो एका हातानं बोलतो, म्हणजे निम्मं पुटपुटतोच. सरांची खूण अंगठा खांद्यावरून मागे. पाठ. बोलता बोलता ते फळ्याकडे वळायचे म्हणून. सरांची समजूत आहे की याचा अर्थ 'वरिष्ठ'. मी खुलासा केलेला नाही. आईची खूण म्हणजे बाहीवरचा खडू झटकणं.

पहिल्या दिवशी मी हात उचलले आणि वर्ग हसला. मी विचारलं, काय झालं?

खिसा म्हणाला, "तुझे हात म्हातारे आहेत. मावशीचे हात लावून आलीस."

"मी तिची मुलगी आहे."

"मावशी बोलताना हसते."

"मीही हसते."

"कधी?"

मी दिवा दोनदा चालू-बंद केला.

सर माझ्याशी फार बोलत नाहीत. ते आता फळ्याकडे वळत नाहीत. वर्गाकडे तोंड करून, हात तिरका मागे नेऊन लिहितात. ओळी उताराला लागतात, खांदा पांढरा होतो. काल मधल्या सुट्टीत म्हणाले, "दोनच शब्द लिहीत होतो हो. दोन शब्द." मी म्हटलं, तुम्ही बघत असतात तरी गाठ अडकायची ती अडकलीच असती. हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. त्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

आता कामाचं. मुलं गोष्टीचा शेवट मागतायत. गोष्ट आपलीच आहे, ढग ओढणाऱ्या पक्ष्याची. डावी मूठ म्हणजे डोंगर, तहानलेला. उजवा हात म्हणजे पक्षी, चोचीत दोरा, दोऱ्याला ढग. पक्षी ओढतो, दमतो, दोरा तुटतो, पंख लोंबतो. इथपर्यंत मला येते. पुढचं मी कधी पाहिलं नाही, कारण मी भिंतीकडे झोपायचे आणि तिथवर यायच्या आत डोळा लागायचा. तू दिव्याच्या बाजूला असायचीस. तू शेवटपर्यंत बघायचीस.

शेवट काय होता तेवढं कळव. मुलं अडून बसली आहेत.

— धाकटी


बुधवार, १८ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. "कळलं. वाईट वाटलं. गोष्ट आठवत नाही. काळजी घे."

बरं.

तुझ्या उत्तराची वाट बघून मी सोमवारी शेवट स्वतः बनवला. दोरा पुन्हा जोडला जातो, पक्षी उडतो, पाऊस पडतो. एकाही मुलानं हात वर केले नाहीत.

"हे तू आत्ता बनवलंस," खिसा म्हणाला.

"कशावरून?"

"छताकडे बघितलंस. मावशी सांगताना आमच्याकडे बघते."

मला खरं तर भुवईबद्दल लिहायचं आहे. ती नऊ वर्षांची आहे. आईचा हात उचलला तो हिनंच. त्या दिवसापासून ती उजवा हात मांडीखाली दाबून बसते. डाव्या हातानं लिहिते, डाव्यानं डबा उघडते, बोलायचं तर डाव्यानंच एखाद-दुसरा शब्द. तिची आई येऊन सांगून गेली, हाडाच्या डॉक्टरनं तपासलं, हाताला काही झालेलं नाही. सर म्हणतात, हट्ट आहे, दुर्लक्ष करा, आपोआप जाईल.

मी दुर्लक्ष केलं नाही, पण दुसरंही काही केलं नाही. तिच्या यंत्राची नळी बदलत बसले. नवी नळी कापून बसवायला वेळ लागतो, तेवढा वेळ ती माझ्यासमोर होती. तिनं डाव्या हातानं विचारलं, "मावशी मेली?"

"नाही. हॉस्पिटलमध्ये आहे."

"खोटं?"

"मी खोटं सांगत नाही."

मग तिनं सांगितलं. एका हातानं सांगायला तिला वेळ लागला, काही शब्द दोनदा करावे लागले. गोष्ट तिनं मागच्या वर्षी पाहिली होती. वर्गात शेवट ठाऊक असलेली ती एकटीच. बाकीच्यांनी मावशीसारखा हात लोंबवला आणि पुढं काय होतं ते बघत बसले. हिला पुढचं माहीत होतं. पंख लोंबला की लगेच डोंगर हलतो. डावा हात येतो, उजव्याच्या खाली शिरतो आणि त्याला उचलतो. डोंगरच पक्ष्याला घेऊन वर जातो, ढगापर्यंत. तो डावा हात आला नाही. मावशी विसरली असं वाटून ही उठली, आणि डोंगराच्या जागी हिनं स्वतः आपल्या उजव्या हातानं तो हात उचलला.

"आणि ती पडली," भुवई म्हणाली. "मी ओढली म्हणून पडली."

मी सांगितलं की ती आधीच पडत होती. डोक्यातल्या नळीत गाठ अडकली होती, यंत्राच्या नळीत घाम अडकतो तशी. मी नळी कापून दाखवली. तिनं नीट पाहिली. चांगली विद्यार्थिनी आहे.

मग म्हणाली, "हे मावशीनं सांगितलं?"

"नाही. मी सांगतेय."

"मावशीला विचार."

तूच मला शिकवलं होतंस, ताई. मी पाच-सहा वर्षांची असेन. दारात कुणी आईवर ओरडत होतं आणि मी ते गोड करून तिला सांगितलं. तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, आपण निरोप्या. निरोपात पदरचं घालायचं नाही आणि त्यातलं खायचंही नाही. आई लहान मूल नाही. तेव्हापासून मी घातलं नाही. भुवईला 'हो, मावशीनं सांगितलं' म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, विचारते.

शेवट तुला आठवत नव्हता. आता कळला. कळवून ठेवते.

— धाकटी


रविवार, २२ नोव्हेंबर

ताई,

हे चौथं. हे लांबेल.

आधीच्या पत्रांत एक गोष्ट मी तुला कळवली नाही आणि एक खोटी कळवली.

मी विचारलं आईला. तिच्या डाव्या बाजूला उभी राहिले, कारण उजवीकडचं तिला दिसत नाही. भुवईची खूण केली, हाताची केली, पडण्याची केली. तीनदा. काही कळलं असं वाटलं नाही. मग तिनं ते केलं जे ती रोज करते. डावा हात पांघरुणावरून सरकवत उजव्यापाशी नेते. झोपलेल्या बाळाला उचलावं तसा उजवा हात खालून उचलते. छातीपर्यंत आणते. डाव्या हातानं त्याची पहिली दोन बोटं सरळ करते, बाकीची मिटते, आणि ती दोन बोटं आपल्या गालावर टेकवते. मग दाराकडे बघते.

गालावर दोन बोटं. तू तान्ही असताना तशी झोपायचीस म्हणून तिनं ठेवलेलं तुझं नाव.

पहिल्या दिवशी पट्टी सोडल्या सोडल्या तिनं हेच केलं होतं. सिस्टरनं विचारलं काय म्हणतायत, आणि मी म्हटलं, पाणी. मी म्हटलं म्हणून सिस्टरनं कापूस लावला. कापूस लावला म्हणून आईनं तो चोखला. मग पुन्हा तुझं नाव घेतलं. मी पुन्हा म्हटलं, पाणी.

तिला एक शब्द उरला आहे. पाणी नाही, दुखतं नाही, बाबा नाही. माझी खूण तिला आठवत नाही. बाही ओढणं, इतकी सोपी. मी तिच्यासमोर बाही ओढते, ती माझ्याकडे भल्या माणसाकडे बघावं तसं बघते आणि तुझं नाव घेते. तिची वेणी मी घालते, कूस मी बदलते. तू नऊ वर्षांत आली नाहीस. म्हणून पाणी म्हटलं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

शुक्रवारी भुवईला मी निरोप दिला, पदरचं न घालता. म्हटलं, तुझा प्रश्न तिला कळला नाही. ती फक्त एवढं करते. आणि करून दाखवलं: डाव्यानं उजवा उचलला, वर आणला, बोटं गालावर.

तिची पाठ ताठ झाली. "डोंगरानं उचललं," ती म्हणाली. "मावशीनं गोष्ट पुरी केली."

तिचं चुकत होतं की नाही, मला माहीत नाही. मी दुरुस्ती केली नाही.

मग तिनं मांडीखालून उजवा हात काढला. त्यावर बाकाच्या फळीचे वळ उठले होते. दोन बोटं गालाला लावून विचारलं, "ही कोण?"

"माझी मोठी बहीण."

"मावशीला ती पाहिजे?"

"हो."

"कुठंय?"

"लांब राहते."

"बहिरी आहे?"

"नाही."

भुवईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही समजत नाही. "मग तिला सांग की," ती म्हणाली. "तिला ऐकू येतं ना."

म्हणून सांगते.

तू का गेलीस हे मी कधी विचारलं नाही, कारण मला दिसत होतं. बाबा गेले तेव्हा डॉक्टरांनी तुला सांगितलं आणि तू आईला. अकरा वर्षांची होतीस तू. त्यानंतर बँक, घरमालक, दवाखाना, सगळीकडे तूच. मी मोठी होईपर्यंत तू थकली होतीस. त्या दिवशी तुला बाहेरची नोकरी लागल्याचं तू सांगितलंस आणि आईनं विचारलं, मग सोमवारी घरमालकाकडे माझ्याबरोबर कोण येणार? तू म्हणालीस, "आता तुझे कान तूच शोध." तोवर तिनं डोळे मिटले होते. भांडणात ती नेहमी मिटायची. आपण दोघी म्हणायचो, बाईसाहेबांनी दार लावलं. तू तशीच बॅग उचलून निघालीस. तुझं शेवटचं वाक्य फक्त मी पाहिलं.

तिनं मला त्याच दिवशी विचारलं, जाताना काय म्हणाली? मी जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या महिन्यात ती शाळेतून आली, पिशवी ठेवली आणि हसून म्हणाली, "कान सापडले. बावीस. एकही चालत नाही." आणि म्हणाली, हे ताईला कळव, ती हसेल.

तेव्हा तुझा पत्ता आमच्याकडे नव्हता. आज कळवते. निरोप नऊ वर्षं माझ्याकडे पडून होता. त्यात राग नव्हता, ताई. मी तिचे हात पाहिले आहेत.

आता पुढचं. शुक्रवारी, २७ तारखेला, सकाळी तिच्या मानेतल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन आहे. केलं नाही तर दुसरी गाठ मेंदूत जाईल. केलं तर टेबलावरच काही होण्याचा धोका आहे. डॉक्टरांनी मला आकडा सांगितला आहे. तो ऐकून तू यावंस असं मला नको, म्हणून लिहीत नाही. मोबाईलवर चेहरा दाखवून भागणार नाही. तेही करून पाहिलं. काकूंच्या भाचीला तुझी खूण करायला लावून फोनवर उभं केलं, आई पडद्यावरच्या डागाकडे बघावं तशी बघत राहिली. समोर माणूस लागतं.

आलीस तर पलंगाच्या डाव्या बाजूला उभी राहा. खिडकीकडे पाठ करू नकोस, चेहरा काळा दिसतो. खुणा विसरली असशील तरी चालेल, तिलाही येत नाहीत. बाहेर सिस्टर भेटेल. तिला मी काल सांगितलं की ते पाणी नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, पाण्यासाठी कुणी दाराकडे बघतं का?"

ऑपरेशनला नेण्याआधी मी तिला एकच गोष्ट सांगू शकेन, आणि तीही तिला कळेल अशी एकच आहे: गालावर दोन बोटं, मग दाराकडे बोट. ते मी केलं की ती दाराकडे बघत राहील, आत नेईपर्यंत. तू येणार नसशील तर मी ते करणार नाही. तिला काहीच न सांगता आत पाठवीन.

म्हणून मला आधी कळायला हवं. हो किंवा नाही, एवढंच लिही. 'नाही' असं लिहिलंस, तर 'का' असं मी विचारणार नाही. बुधवारी, २५ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत उत्तर पाठव.

— धाकटी